मागे चालू राहिलेली चाळ

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकही जण खरं मानणार नाही, आणि ज्याने मानलं त्याच्या अकलेबद्दल मला शंका येईल. शिवाजी पार्कच्या या कट्ट्यावर मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, त्या तुम्ही चहाबरोबर गिळल्यात. ही खरी आहे, म्हणून घशात अडकेल. मेघना समोर बसली आहे ते बरंच झालं. ज्या खेळाची ही गोष्ट आहे, त्यातली चित्रं तिने काढली. कुठे घसरलो तर ती धरेल मला.

"धरायचंच म्हटलं अण्णा, तर तुमचं पहिलंच वाक्य सुटायचं नाही," मेघना म्हणाली.

बघा. अजून सुरुवातही नाही झाली.

तर लालबागला मसाला कांडणाऱ्या एका दुकानाच्या वर एक खोली आहे. खाली मिरची कांडायला लागली की वर शिंका सुरू, हळदीची पाळी आली की जरा उसंत. त्या खोलीत वैशाली तांबे आणि पुष्कर लिमये हे दोघे फोनवरचे खेळ बनवायचे. मेघना घरून चित्रं पाठवायची, तिला शिंका सोसत नसत. पुष्कर फणसवाडीचा, आकडा दाखवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही असा त्याचा स्वभाव. वैशाली परळच्या मोतीवाला चाळीत जन्मली, वाढली आणि तिथूनच बाहेर पडली, कारण चाळच राहिली नाही. पाडली. तिथे आता टॉवर चढताहेत, आणि चाळीतली माणसं कुणी वरळीला, कुणी नायगावला, कुणी शिवडीला भाड्याच्या घरात विखुरली आहेत.

वैशालीने त्या चाळीचा खेळ केला. नाव ठेवलं 'गॅलरी'.

खेळात जिंकायचं असं काही नव्हतं. ज्याची जी खोली होती ती त्याला मिळायची, दारावर त्याच्या नावाची पाटी असायची. दारात उभं राहायचं, कपडे वाळत घालायचे, नळावर नंबर लावायचा, समोरून जाणाऱ्याला हटकायचं. बस. पण आयुष्यभर फोनवर फक्त सुप्रभातच्या गुलाबांची देवाणघेवाण केलेली माणसंसुद्धा त्यात अशी रमली की विचारू नका. नायगावची शिवडीला म्हणायची, "काय गं, आज अजून चादरी वाळत?" आणि शिवडी खरोखरच धावत जाऊन फोनमधल्या चादरी काढायची.

रडगाणं एकच होतं. फोन तापायचा.

साधा खेळ कसा असतो? तुम्ही दुसरीकडे वळलात की तो मागे जातो आणि झोपतो. वैशालीने 'गॅलरी' मुद्दाम जागी ठेवली होती. तिचं म्हणणं, चाळ कधी झोपते का? त्यामुळे तुम्ही मुलीशी फोनवर बोलत असाल तेव्हाही मागे मोतीवाला चाळीत नळ गळत होता, कुकर शिट्ट्या घेत होता, आणि प्रत्येक उघड्या दाराआड पंखा फिरत होता. तो प्रत्येक पंखा बिचाऱ्या फोनला फिरवावा लागे. दुपारी जेवणं होईस्तोवर बॅटरी संपलेली असायची.

एकेक जण खेळ काढून टाकायला लागला. ज्याने काढला त्याच्या दारावरची पाटी जायची, आणि तिथे नुसता काळा चौकोन उरायचा.

मग रहिवासी संघाचे अध्यक्ष प्रफुल्लकाका सकपाळ यांनी ग्रुपवर लिहिलं, 'हा खेळ नसून खिशातली शेगडी आहे. रविवारी परळच्या हॉलमध्ये आपलं स्नेहसंमेलन आहे. तिथे सर्वांनी एकत्रच काढून टाकावा. चि. वैशालीने राग मानू नये.' खाली भराभर अंगठे पडले.

वैशालीने राग मानला नाही. ती ते अंगठे बघत राहिली. एकदा तिने चाळ रिकामी होताना पाहिली होती. टेम्पोत चढवलेली कपाटं, जिन्यात अडकलेला पलंग, आणि शेवटी एकेक दार ओढून घेताना झालेला आवाज. आता आपल्याच हाताने पुन्हा उभी केलेली चाळ पुन्हा तशीच रिकामी होणार, आणि तीही अंगठे दाखवून. रविवारच्या आत खेळ थंड करायचा, नाहीतर चाळ दुसऱ्यांदा जाणार. एवढं साधं होतं.

"दारं लाव," पुष्कर म्हणाला.

"काय?"

"खेळ मागे गेला की दारं लाव. दार बंद म्हणजे आतला पंखा बंद, कुकर बंद, सगळं बंद. अर्ध्या तासाचं काम आहे, तू उगाच सुतक पाळल्यासारखी बसलीयस."

"दिवसाढवळ्या दार लावायचं?"

"अगं, खेळातलं दार!"

"चाळीत दिवसा दार लागलं ना पुष्कर, की लोक विचारायला येतात, काय झालं म्हणून. तुमच्या फणसवाडीत चालत असेल."

"आमच्याकडे दारं लावूनच बसतात. लोक खिडकीतून विचारतात."

खाली मिरची सुरू झाली. दोघं शिंकले, आणि शिंकता शिंकता वैशालीने हार मानली. दारं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चाळीतून वरळीला राहायला गेलेल्या राधामावशींनी फोन बाजूला ठेवला आणि त्या न्हायला गेल्या. खेळ मागे गेला. मोतीवाला चाळीत, सगळ्यांच्या फोनवर, राधामावशींचं दार लागलं.

नायगावने शिवडीला फोन केला. शिवडीने राधामावशींना केला, त्यांनी उचलला नाही. मग कुणीतरी प्रफुल्लकाकांना कळवलं, काकांनी टॅक्सी केली, वाटेत दोघांना घेतलं, त्यातल्या एकाने हार इथूनच घ्यायचा की वरळीला मिळेल असंही विचारून ठेवलं. वरळी कोळीवाड्याच्या बाजूच्या त्या उंच इमारतीत, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, सगळे चेहरे पाडून लिफ्टने वर गेले आणि बेल वाजवली. राधामावशी डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात आल्या.

"मेले नाही मी!" त्या म्हणाल्या. "केस धुवत होते! आणि तो हार कुणासाठी रे?"

आता तुम्ही हसा. वैशाली हसली नाही. ती संध्याकाळभर खोलीत बसून राहिली, आणि मग तिच्या डोक्यात एक गोष्ट आली, जी फणसवाडीच्या पुष्करच्या सात जन्मांत आली नसती.

चाळ राखायला सगळ्यांनी जागं राहायची गरज कधी नव्हतीच. दगडूबाबा होते ना!

दगडूबाबा म्हणजे मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला माणूस. साच्यांच्या खडखडाटात कान गेले, म्हणून स्वतः ओरडून बोलायचे. मिल बंद पडली त्या दिवसापासून जिन्याच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून बसले ते बसलेच. कामावर जाणारी माणसं दार लोटून घेत नसत, नुसतं सांगत, "बाबा, लक्ष ठेवा." बाबा ओरडत, "जा, मी आहे!" ज्यांना बाहेरगावी जायचं ते किल्ली देऊन जात. किल्ल्यांचा एवढा जुडगा त्यांच्या हातात. आणि तुम्ही संध्याकाळी परतलात की जिन्यातच तुमच्या दिवसाचा हिशेब मिळे. दूधवाला आला होता, पाहुणा आला होता, त्याला उद्या यायला सांगितलंय, मांजर तुमच्याकडे शिरली होती, हाकलली. चाळ पाडायच्या आधी दोन पावसाळे ते गेले. खांदा द्यायला प्रफुल्लकाका पुढे होते.

वैशालीने काय केलं, तर सगळी चाळ झोपवली. दारं उघडी ठेवली, पण आतलं नुसतं चित्र, स्तब्ध. पंखा थांबलेला, कुकर गार. आणि जिन्याच्या तोंडाशी, जिन्याकडे तोंड करून, खुर्चीत दगडूबाबा. तुम्ही खेळ सोडून दुसरीकडे जाताना अक्षरं उमटत, 'जा, मी आहे.' परत आलात की बाबा मधल्या वेळात काय झालं ते सांगत. गंमत अशी की बाबासुद्धा झोपलेलेच. फोन फक्त तुम्ही गेल्याची वेळ ध्यानात ठेवणार, परत आलात की मधला वेळ मोजणार, आणि तेवढ्या वेळात चाळीत साधारण काय काय घडलं असतं याची बेरीज करून वैशालीने लिहून ठेवलेल्या वाक्यांतलं एखादं बाबांच्या तोंडी घालणार. मागे काही म्हणजे काही चालू नाही. सगळं काम परत आल्यावर, एका क्षणाचं.

"हे," पुष्कर म्हणाला, "हे तू शिकलीस कुठे?"

"जिन्यात," वैशाली म्हणाली.

फोनला वायर लावून त्यांनी लॅपटॉपवर रेघ बघितली. फोन किती राबतोय ते ती रेघ सांगते. कालपर्यंत घाट चढल्यासारखी असलेली रेघ धाडकन खाली येऊन जमिनीला टेकली. पुष्करने टेबलावर मूठ आपटली. खालून मसालेवाल्याने काठीने छताला ठोकून उत्तर दिलं.

सगळ्यांच्या फोनवर नवा खेळ गेला. तापणं थांबलं. आणि त्याच दुपारी वैशाली चहा पिऊन परत आली, तिने स्वतःचा फोन उघडला, तर बाबा म्हणाले, 'पाणी आज उशिरा आलं. तुझ्या आईने दोन हंडे जास्त भरलेत.'

वैशालीला वाटलं, पुष्करने एक वाक्य वाढवलंय. चांगलं होतं वाक्य. पुष्करला वाटलं, वैशालीने लिहिलंय. दोघांनी एकमेकांचं कौतुक केलं आणि विषय संपला. संध्याकाळी आईचा फोन आला, बोलता बोलता म्हणाली, "आज पाणी एवढं उशिरा आलं गं, भीतीने दोन हंडे जास्तच भरून ठेवले."

"योगायोग," पुष्कर म्हणाला. "मुंबईत पाणी उशिरा आलं, यात नवल ते काय?"

मग राधामावशींचा फोन आला. "वैशू, खेळ झकास झालाय हो. माझा फोन आता रात्री झोपेपर्यंत टिकतो. पण एक सांगू? घरी माणूस पाठवायचा असेल तर आधी कळवत जा."

"कुठला माणूस मावशी?"

झालं होतं असं. आदल्या दिवशी मावशी बाजारातून परतल्या, खेळ उघडला, तर बाबांनी सांगितलं, 'राधे, गॅसवाला येऊन गेला. उद्या ये म्हटलं.' मावशींना हसू आलं. दुसऱ्या दिवशी खरंच सिलिंडर आला. घामाने निथळणारा पोरगा म्हणाला, "काल आलेलो मावशी. बाबा बोलले, उद्या ये."

"कुठले बाबा?"

"ते काय जिन्याजवळ बसलेले, खुर्चीवर. केवढ्या जोरात बोलतात!"

वैशाली वरळीला गेली. टॉवरमध्ये जिना कोण वापरतं? लिफ्टच्या पलीकडे एक जड दार, त्यामागे जिना, ट्यूबलाइट अर्धवट जळणारी, भिंतीला नव्या रंगाचा वास. मजल्याच्या वळणावर बांधकामाची पांढरी धूळ तशीच पडून होती. कुणी झाडलं नव्हतं. त्या धुळीत चार ठिपके होते, चौकोनात. खुर्चीच्या पायांत जेवढं अंतर असतं तेवढ्या अंतरावर. ठिपक्यांपर्यंत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

 खाली वाकून तिने बोटाने एक ठिपका पुसायला घेतला, आणि न पुसताच हात मागे घेतला.

पुष्करला तिने सांगितलं. त्याने चष्मा पुसला. "सुतारकाम चालू असेल. चार पायांचा लाकडी घोडा ठेवला असेल." मग म्हणाला, "तू आलीस ते बरं झालं. मला तुला एक दाखवायचंय."

लॅपटॉपवर रेघ होती. खेळ मागे. सगळं झोपलेलं. पण रेघ आता जमिनीला टेकलेली नव्हती. तीत बारीक बारीक उंचवटे उठत होते. एक उंचवटा, मग सपाट. पुन्हा उंचवटा, पुन्हा सपाट.

"काहीतरी चालू राहिलंय," वैशाली म्हणाली.

"काय चालू राहिलंय? मी सगळं बंद करून बघितलं. आणि हे बघ, अंतर सारखं नाहीये. इथे जास्त थांबतं. इथे कमी." तो बोट फिरवत राहिला. "कुणीतरी गॅलरीतून फेरी मारतंय, आणि प्रत्येक दारापाशी थांबून आत डोकावतंय, असं. आता मला हसू नकोस."

तिने रेघेवर बोट ठेवून एकेक दार मोजलं. काळ्या चौकोनांच्या जागी, म्हणजे जी माणसं खेळ सोडून गेली होती त्यांच्या दारांपाशी, रेघ सगळ्यात जास्त वेळ थांबत होती.

उंचवटे लहान होते, पण म्हाताऱ्यांचे फोनही जुने होते. त्यांना तेवढा भारही पुरे. आणि उद्या रविवार. शनिवारी दुपारी, खाली हळद चालू असताना, वैशालीने शेवटची काटछाट केली. ती काय केली हे सांगत बसलो तर तुम्ही उठून भेळ खायला जाल. रेघ सपाट झाली. सपाट म्हणजे टाकीतलं पाणी. पुष्कर दहा वेळा फोन हलवून बघत होता, जिवंत आहे ना म्हणून.

रविवारी परळच्या हॉलमध्ये मोतीवाला चाळ जमली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग प्रफुल्लकाका उठले. हातात जेवणाच्या भांड्यांतली मोठी परात.

"भाषण करत नाही," काका म्हणाले. लोक घाबरले, कारण काका असं म्हणाले की भाषण लांबतं. पण त्यांनी खरंच केलं नाही. "वैशाली म्हणते खेळ थंड झालाय. आपण काय तिचे दुश्मन नाही. सगळ्यांनी खेळ चालू करा, मागे सारा, आणि फोन इथे परातीत टाका. जेवणं झाल्यावर मी हात लावून बघणार. एक जरी गरम लागला तर सगळ्यांनी इथेच काढायचा. मंजूर?"

"मंजूर!"

"माझा पहिला," म्हणत काकांनी आपला फोन परातीत टाकला.

परात भरली. जुने, चिकटपट्टी लावलेले, काच तडकलेले फोन, एकावर एक. जेवण चांगलं होतं असं म्हणतात; वैशालीने ताटाला हात लावला नाही. ती परातीकडे बघत होती, आणि पुष्कर तिच्याकडे.

हात धुऊन, पुसून, काका परातीशी आले. पाहुण्यांच्या मुलाचा ताप बघावा तसा उलटा हात त्यांनी एका फोनवर ठेवला. मग दुसऱ्यावर. मग सरळ कोपरापर्यंत हात परातीत घातला आणि ढवळला.

"आयला," काका म्हणाले, "माठाच्या बुडासारखे गार आहेत."

हॉलमध्ये जो ओरडा झाला! राधामावशींनी वैशालीला मिठी मारली, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी थाळी वाजवली. सगळ्यांनी आपापली बॅटरी बघितली. ठेवताना होती तेवढीच. एकाची तर चढली होती.

"अण्णा!" मेघना म्हणाली.

बरं, चढली नव्हती. उतरली नव्हती एवढं तर मानशील?

काकांनी परातीतून आपला फोन काढला. हरलेल्या माणसाचं हसू तोंडावर होतं. त्यांनी खेळ उघडला. जिन्याच्या तोंडाशी दगडूबाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली. अक्षरं उमटली.

'प्रफुल्ल, दूध उतू गेलं. गॅस मी बंद केलाय. घरी जा.'

काका हसले. "काय गं वैशाली, आम्हाला पण..." आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"काय झालं काका?"

"वनिता चिपळूणला गेलीय," काका म्हणाले. बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. "सकाळी दूध मीच तापत ठेवलं होतं."

त्यांनी लगेच टॅक्सी केली. काका पुढे, वैशाली आणि पुष्कर मागे. पुष्कर एकदा म्हणाला, "काका, तुम्ही नक्की बंद केला असेल. आपण विसरतो." काकांनी मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

नायगावची काकांची इमारत. चौथा मजला. दाराला कुलूप, काकांनी सकाळी लावलेलं. किल्ली काकांच्या खिशात. दुसरी किल्ली चिपळूणला.

कुलूप निघालं.

जळक्या दुधाचा वास आला. गॅसचा नाही.

काका चपला काढायचेही विसरले. स्वयंपाकघरात पातेलं शेगडीवरच होतं, त्याच्या बाजूने दूध ओघळून करपलं होतं. बर्नर दुधाने भिजून विझलेला. म्हणजे त्याच्यातून नुसता गॅस येत राहायला हवा होता, सकाळपासून, बंद घरात.

बटण फिरवलेलं होतं. बंद.

खिडकी उघडी होती. काका ती कबुतरांमुळे कधी उघडत नसत.

पुष्करने बटणाला हात लावला, मग शेगडीला, मग खिडकीच्या कडीला. त्याला आकडा हवा होता. तिथे आकडा नव्हता.

वैशालीला शेगडीखालचा कट्टा दिसला. कट्टा पुसलेला होता. पुसायचं फडकं धुऊन, पिळून, कट्ट्याच्या कडेला वाळत घातलं होतं. साधं फडकं, पण काठाला काठ अगदी जुळवून, मधली सुरकुती तळहाताने दाबून काढून. मिलमध्ये कापड बघायची ज्याच्या हाताला सवय आहे, तो माणूस घालील तसं.

ते अजून ओलं होतं.

काका फरशीवर बसले.  मग उठले, नळाखाली तोंड धुतलं, आणि फडक्याला हात न लावता शर्टाच्या बाहीने पुसलं.

"चला," ते म्हणाले. "हॉलमध्ये लोक थांबलेत."

हॉलमध्ये काकांनी माइक घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं भाषण एका वाक्यात संपलं. "खेळ कुणीही काढायचा नाही, आणि ज्यांनी काढलाय त्यांनी माझ्यासमोर परत घ्यायचा." का, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, त्यांचा आवाज तसा होता. लोक फोनवर वाकले. मोतीवाला चाळीत काळे चौकोन एकेक करून उजळायला लागले. पाट्या परत आल्या. कासारे. जाधव. एकेक पाटी लागली की हॉलमध्ये त्या घराच्या नावाने आरोळी उठत होती, क्रिकेटला उठावी तशी. पहिला माळा भरला. दुसरा भरला. शेवटचं दार उघडलं तेव्हा राधामावशींनी वैशालीला खुर्चीवर उभं केलं आणि म्हणाल्या, "बघ गं, बघ! एकसुद्धा घर रिकामं नाही!"

वैशाली खुर्चीवर उभी राहून रडली, हसली, आणि पुष्करच्या डोक्यावर हात ठेवून खाली उतरली. जी चाळ तिने जाताना पाहिली होती, ती तिने परत भरलेली पाहिली. फोन गार होते. आजही आहेत. एक फोन तापला असेल तर माझ्या नावाने बोंब मारा. आणि दगडूबाबा, वैशालीने बसवले होते तसेच, जिन्याच्या तोंडाशी खुर्चीत बसून, डाव्या हाताने गुडघा चोळत, उजव्या हातात जुडगा घेऊन, आजतागायत सगळ्यांची राखण...

"खोटं," मेघना म्हणाली.

मी म्हटलं, दूध ना? दुधाचं कुणालाच पटत नाही.

"दूध खरं आहे. काकांच्या घरी ते फडकं मी पण बघितलंय, अजून त्यांनी ते काढलेलं नाही." ती मोठ्याने, कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती. "शनिवारची काटछाट तुम्ही गिळलीत, अण्णा. ते उंचवटे जाईनात म्हणून वैशालीने मला फोन केला. म्हणाली, बाबांनाच काढ. मी त्यांना पुसलं. चित्र पुसलं, तिने त्यांची सगळी वाक्यं पुसली. रविवारी परातीत जेवढे फोन होते, त्यातल्या एकाही फोनमध्ये दगडूबाबा नव्हते. नुसती खुर्ची होती, रिकामी, जिन्याकडे तोंड केलेली. परवा मी उघडून बघितलं. अजून रिकामीच आहे." तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. "फक्त आता ती जिन्याकडे नाही, बघणाऱ्याकडे वळलेली आहे. मी वळवलेली नाही."